विश्लेषण : वायफाय जोडलेले, तरी इंटरनेट का नाही?

प्रवेश अर्जाची मुदत संध्याकाळी संपणार आहे. संगणकावर वायफाय जोडलेले दिसते, शेजारच्या खोलीतल्या प्रिंटरवर कागदही छापून येतो. पण अर्जाचे संकेतस्थळ काही केल्या उघडत नाही. घरी आणि छोट्या कार्यालयांत हा अनुभव अनेकांना येतो. अशा वेळी दिसेल ती वायर उपसण्यापेक्षा बिघाड नेमका कुठे आहे, हे क्रमाने शोधलेले बरे.

नेटवर्क आणि इंटरनेट यांत फरक काय?

एकाच राउटरला जोडलेले संगणक, फोन, टीव्ही आणि प्रिंटर यांचे मिळून ‘लोकल नेटवर्क’ तयार होते. प्रिंटरला पाठवलेली माहिती घरातल्या घरात फिरते. संकेतस्थळ उघडायचे तर तीच माहिती राउटरमधून सेवा पुरवठादाराकडे आणि तिथून पुढे जावी लागते. सोसायटीच्या आवारात हिंडता येते, पण गेट बंद, अशी ही अवस्था. वायफायचे पट्टे भरलेले दिसतात, ते फक्त राउटरपर्यंतची जोडणी सांगतात.

दोष संगणकाचा की लाइनचा?

फोनचा मोबाइल डेटा बंद करावा आणि त्याच वायफायवर एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे. डेटा बंद करणे महत्त्वाचे. नाहीतर फोन गुपचूप सिमकार्डचे इंटरनेट वापरतो आणि फसगत होते. फोनवर चालले तर दोष संगणकात, नाही चालले तर राउटरमध्ये किंवा बाहेरच्या लाइनमध्ये असण्याची शक्यता अधिक.

राउटरमध्ये काय पाहावे?

आधी प्लॅनची मुदत संपली नाही ना, हे पाहावे. फायबर जोडणी असेल आणि डब्यावर ‘एलओएस’चा लाल दिवा लागला असेल, तर बाहेरून सिग्नल येत नाही. बारीक फायबर वायर दुमडली किंवा सैल झाली आहे का ते पाहून तक्रार नोंदवावी. दिवा लाल नसेल तर राउटर अर्धा मिनिट बंद ठेवून पुन्हा सुरू करावा. टाचणीने दाबायचे ‘रीसेट’चे बटण मात्र दाबू नये; त्याने सेवा पुरवठादाराने भरलेली माहिती पुसली जाऊ शकते.

फक्त संगणकच अडला असेल तर?

विंडोजमध्ये ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडून इंग्रजीत ‘आयपीकॉन्फिग’ टाइप करावे. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून संगणकाला पत्ताच मिळालेला नाही. ‘डिफॉल्ट गेटवे’समोर जागा रिकामी असेल, तर बाहेर जाण्याचा दरवाजाच ठाऊक नाही. पूर्वी कोणी हाताने पत्ता भरून ठेवला असेल, तर सेटिंग ‘ऑटोमॅटिक’वर आणावे.

गेटवेचा पत्ता दिसत असेल तर ‘पिंग’ लिहून, एक जागा सोडून तो पत्ता टाकावा. उत्तर आले की ‘पिंग ८.८.८.८’ करून पाहावे. हा गूगलच्या सार्वजनिक सेवेचा पत्ता आहे. इथूनही उत्तर आले, पण संकेतस्थळे नावाने उघडत नाहीत, तर संशय ‘डीएनएस’वर जातो. काही कार्यालयांत पिंग मुद्दाम बंद ठेवलेले असते, हेही ध्यानात ठेवावे.

डीएनएस म्हणजे काय?

संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधून देणारी ही इंटरनेटची टेलिफोन डिरेक्टरी. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद पडले, तेव्हा कंपनीच्या डीएनएस सर्व्हरपर्यंत जाणारे मार्गच इंटरनेटवरून नाहीसे झाले होते. घरच्या संगणकावर ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’ ही आज्ञा देऊन साठलेली जुनी नोंद पुसता येते. तेवढ्याने भागले नाही, तर डीएनएससाठी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरून पाहावे. कार्यालयातील संगणकावर हा बदल परस्पर करू नये.

तरीही पाने उघडत नसतील तर?

व्हीपीएन बंद करावे आणि सेटिंग्जमध्ये जुना ‘प्रॉक्सी’ चालू राहिला नाही ना, ते पाहावे. तारीख-वेळही तपासावी. ती चुकली की सुरक्षित संकेतस्थळांचे प्रमाणपत्र ब्राउझरला अवैध वाटते. जुन्या संगणकात रोज तारीख मागे जात असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपलेली असू शकते. ‘नेटवर्क रीसेट’ हा शेवटचा उपाय. त्यानंतर वायफायचा पासवर्ड पुन्हा भरावा लागतो.

घाईत कोणती चूक टाळावी?

मुदत जवळ असेल तर दुरुस्ती बाजूला ठेवून फोनचा हॉटस्पॉट सुरू करावा आणि आधी अर्ज भरून घ्यावा. ग्राहक सेवेचा क्रमांक बिलावरून किंवा कंपनीच्या अधिकृत अ‍ॅपमधूनच घ्यावा. शोधात सापडलेल्या अनोळखी क्रमांकावरील व्यक्तीने स्क्रीन दाखवणारे अ‍ॅप घ्यायला लावले किंवा ओटीपी मागितला, तर फोन ठेवून द्यावा. पैसे गेलेच तर १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर लगेच कळवावे. इंटरनेट तासाभराने सुरू होईल. खात्यातून गेलेली रक्कम परत मिळवणे तितके सोपे नसते.