सुचल्यानंतरची सत्तावीस वर्षं

पेनिसिलिनचा शोध कोणी लावला? एका गुणाचा हमखास प्रश्न. उत्तर : अलेक्झांडर फ्लेमिंग, १९२८. गुण मिळतो, विषय मिटतो. उत्तर बरोबरच आहे, पण ‘कल्पना सुचली की काम झालं, पुढे काय ती नुसती मेहनत’ हा आपला लाडका गैरसमज त्या एका ओळीच्या आधारावर पिढ्यान्‌पिढ्या पोसला गेलाय.

सप्टेंबर १९२८ मध्ये फ्लेमिंग सुट्टीवरून लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातल्या आपल्या प्रयोगशाळेत परतला. जंतू वाढवायला ठेवलेल्या एका काचेच्या बशीत बुरशी धरली होती आणि तिच्याभोवतालचे जंतू विरघळले होते. पुढच्याच वर्षी त्यानं यावर लेख छापला. म्हणजे गुपित असं काही उरलंच नव्हतं. आज नवा धंदा काढू पाहणारी मंडळी आपली ‘आयडिया’ सांगण्याआधी समोरच्याची कागदावर सही घेतात, कोणी पळवली तर? फ्लेमिंगची कल्पना जवळपास दहा वर्षं ग्रंथालयांत उघडी पडून होती. पळवायला कोणी फिरकलं नाही.

जे फिरकले ते हात टेकून परत गेले. फ्लेमिंगच्या दोन सहायकांनी त्या बुरशीचा रस शुद्ध करायचा प्रयत्न केला, पण ते औषध हातात येईपर्यंत नासायचं. शेफील्डमध्ये सेसिल पेन या डॉक्टरनं १९३० साली कच्च्या रसानं तान्ह्या बाळांच्या डोळ्यांचा संसर्ग बरा करून दाखवला आणि काहीही न छापता विषय सोडून दिला. लंडनमध्ये हॅरॉल्ड राइस्ट्रिक या नाणावलेल्या रसायनतज्ज्ञानंही नाद सोडला. स्वतः फ्लेमिंग तो रस मुख्यतः प्रयोगशाळेत नको असलेले जंतू बाजूला सारायला वापरत राहिला. बरं, कल्पना तरी त्याची एकट्याची होती का? फ्रान्समधल्या अर्नेस्ट दुशेननं बुरशी आणि जंतूंच्या झुंजीवर १८९७ मध्येच प्रबंध लिहिला होता. बुरशी अनेकांच्या नजरेला पडली होती.

पुढची खरी गोष्ट ऑक्सफर्डची. हॉवर्ड फ्लोरी प्रमुख, अर्न्स्ट चेन रसायनवाला, आणि नॉर्मन हीटली. या तिसऱ्या माणसाचं नाव कुठल्याच पेपरात विचारत नाहीत. आंबट केलेल्या रसातून पेनिसिलिन ईथरमध्ये उतरतं हे माहीत होतं, अडायचं ते ईथरमधून परत काढताना. हीटली म्हणाला, किंचित अल्कली घातलेल्या पाण्यात घुसळून बघू. ते पाण्यात आलं. मग बाटल्या, नळ्या, दारावरची जुनी घंटा आणि ग्रंथालयातून काढून टाकलेलं फडताळ जोडून त्यानं यंत्र उभं केलं. बुरशी वाढवायला उथळ, पसरट भांडी हवी होती. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत ती आणायची कुठून? रुग्णालयातली बेडपॅन आणली! पुढे त्याच धाटणीची शेकडो चिनी मातीची भांडी मुद्दाम घडवून घेतली आणि ती सांभाळायला सहा मुली नेमल्या.

ब्रिटिश सैन्याची डंकर्कहून माघार सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, २५ मे १९४० रोजी, आठ उंदरांना जीवघेणे जंतू टोचले. त्यांतल्या चौघांना पेनिसिलिन दिलं. हीटली उत्तररात्रीपर्यंत तिथेच बसून होता. औषध न मिळालेले चारही मेले. फेब्रुवारी १९४१ मध्ये एका पोलिसावर पहिला मोठा उपचार झाला. ताप उतरला, माणूस जेवायला लागला आणि औषध संपलं. त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत काढून पुन्हा टोचत होते, तेही पुरलं नाही. मार्चमध्ये तो गेला. कल्पना सुचून तोवर साडेबारा वर्षं झाली होती.

मग जास्त औषध बनवण्यासाठी अमेरिका. पिओरियाच्या सरकारी शेती-प्रयोगशाळेत मक्याच्या स्टार्च कारखान्यातलं भिजवणीचं पाणी बुरशीला पाजलं आणि उत्पादन अनेक पटींनी वाढलं. १९४३ मध्ये तिथल्याच बाजारातल्या नासक्या खरबुजावर जास्त गुणी वाण सापडला. फायझरनं १९४४ मध्ये ब्रुकलिनच्या एका जुन्या बर्फाच्या कारखान्यात खोल टाक्या बसवल्या. १९४५ चं नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना मिळालं. हीटलीला ऑक्सफर्डनं मानद वैद्यक पदवी दिली ती १९९० मध्ये.

यावरून कल्पना कवडीमोल असं म्हणायला मी तयार नाही. अल्कलीचं पाणी ही कल्पनाच होती, बेडपॅनही. फक्त त्या खुर्चीत बसून सुचलेल्या नव्हत्या, काम अडलं तेव्हा सुचल्या. अशा सुचण्याचा पुतळा उभारत नाहीत, त्यामुळे त्याचा हिशेबच लागत नाही.

आपल्याकडे पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, आजही तिथले लोक तिला ‘एचए’च म्हणतात. तोवर पेनिसिलिनची कृती पुस्तकांत आलेली होती. तरीही जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत घ्यावी लागली, कारण टाक्या, निर्जंतुक हवा, जातिवंत वाण आणि ते सांभाळणारी माणसं पुस्तकातून उतरवून घेता येत नव्हती. १९५५ मध्ये उत्पादन सुरू झालं. नंतर स्वस्त चिनी मालापुढे देशातल्या कारखान्यांनी पेनिसिलिन-जी हा औषधांचा कच्चा माल बनवणं एकेक करून बंद केलं. कृती कोणी विसरलं नव्हतं, महाविद्यालयांत ती शिकवत होते. पण मधल्या काळात औषध कंपन्या कच्चा माल चीनमधून आणत राहिल्या, आणि आंध्रातल्या काकीनाडाजवळ पेनिसिलिन-जी पुन्हा बनू लागलं ते २०२४ मध्ये, तेही सरकारच्या उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेच्या टेकूनं.