बुलढाण्याच्या मातीत सोनं आहे का? ‘मशीन’ घेण्याआधी हे वाचा

सध्या मोबाईलवर एका प्रकारचे व्हिडिओ खूप फिरत आहेत. सुदानचं किंवा मॉरिटानियाचं वाळवंट, कानाला हेडफोन लावलेला माणूस आणि हातात लांब दांड्याची मशीन. मशीन वाजते, तो वीतभर खोदतो आणि मातीतून हरभऱ्याएवढा सोन्याचा खडा निघतो. हे बघून आपल्या जिल्ह्यातले तरुण आम्हाला विचारतात, “भाई, आपल्याकडेही डोंगर आहेत, पडीक रान आहे, जुन्या गढ्या आहेत. एक मशीन घेतली तर?” काहींनी तर उसनवारीची बोलणीही सुरू केली आहेत.

सोयाबीन आणि कापसाच्या भावाने शेतकरी मेटाकुटीला आला आहे, हाताला काम नाही. अशा वेळी सोन्याचा विचार मनात येणं चुकीचं नाही. पण या विचारावर धंदा करणारे लोकही बरेच आहेत. म्हणून उत्तर आधीच सांगतो. आपल्या जिल्ह्यातल्या दगडात निसर्गाने सोन्याचे खडे ठेवलेले नाहीत. माणसाने पुरलेलं काही सापडलंच, तर ते कायद्याने आणि शरीयतनेही आपोआप आपलं होत नाही. आणि सोनं स्वस्तात देतो म्हणून जो फोन येतो, तो फसवणुकीचाच समजा. आता एकेक गोष्ट नीट पाहू.

सोन्याचे खडे तिथेच का सापडतात?

सोन्याचं मूळ घर म्हणजे फार जुने, कोट्यवधी वर्षांपूर्वीचे खडक. जमिनीच्या पोटातलं गरम पाणी त्या खडकांच्या भेगांतून वर आलं. त्याने आपल्याबरोबर आणलेलं सोनं गारगोटीच्या शिरांमध्ये साचलं. पुढे खडक झिजला, गारगोटी फुटली, पण सोनं जड असल्यामुळे फार लांब वाहून गेलं नाही. ते जवळच्या नाल्यात, मातीत पडून राहिलं. वाळवंटात माती पातळ असते, झाडी कमी असते आणि रेती धुवायला पाणी नसतं. म्हणून तिथे मशीनचा उपयोग होतो.

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतात १९८० साली एका माणसाला मेटल डिटेक्टरने तब्बल २७ किलोचा सोन्याचा गोळा मिळाला होता. ‘हँड ऑफ फेथ’ नावाने तो प्रसिद्ध आहे. पण त्या भागात १८५० पासूनच्या दशकात सोन्याच्या खाणी चालल्या होत्या. म्हणजे सोनं आहे हे लोकांना शंभर वर्षं आधीपासून ठाऊक होतं. मशीनने फक्त उरलेलं शोधलं.

आता आपली जमीन पाहा. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा हा सगळा घाटावरचा भाग काळ्या पाषाणाचा आहे. भूगोलाच्या पुस्तकात याला बेसाल्ट म्हणतात. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थरावर थर साचून हे दख्खनचं पठार तयार झालं. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगावकडे पूर्णा नदीने आणून टाकलेला गाळ आहे आणि तोही याच खडकाची झीज आहे. या लाव्ह्यात सोन्याच्या शिरा नाहीत. त्यात मिळते ती शोभेची गारगोटी, अकीक, जिओलाइटचे चमकणारे स्फटिक. लोक त्यालाच कधी हिरा समजतात.

महाराष्ट्रात सोन्याचे अंश भूवैज्ञानिकांना सापडले ते पूर्वेला, नागपूर-भंडाऱ्याच्या जुन्या खडकांत. तेही डोळ्याला दिसणारे खडे नव्हेत, तर दगडात मिसळलेले बारीक कण. कर्नाटकातल्या हट्टीच्या खाणीत आजही सोनं निघतं, पण एक टन दगड फोडून हाती येतात ते काही ग्रॅम. कोलारची खाण तीन किलोमीटरपेक्षा खोल गेली आणि परवडेना म्हणून २००१ मध्ये बंद झाली.

मग मशीन वाजते कशाला?

इथेच खरी गफलत होते. मेटल डिटेक्टर सोनं ‘ओळखत’ नाही. त्याच्या खालच्या गोल चकतीत तारेचं वेटोळं असतं. त्यातून वीज सोडली की जमिनीत चुंबकीय क्षेत्र जातं. खाली धातू असेल तर त्या धातूत बारीक वीज फिरू लागते आणि तिचा परत आलेला इशारा मशीन पकडते. तो धातू सोनं आहे, पितळ आहे की बिडीच्या पाकिटाची चांदी, हे मशीन खात्रीने सांगू शकत नाही. हेच तत्त्व वापरून अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली बंदुकीची गोळी शोधायचा प्रयत्न केला होता, पण गोळी काही सापडली नाही.

आपल्या काळ्या पाषाणात तर लोहाचं खनिज भरपूर. विश्वास बसत नसेल तर नाल्याच्या वाळूतून एक चुंबक फिरवून पाहा, काळी पूड चिकटून येईल. त्यामुळे इथे स्वस्तातली मशीन नुसत्या दगडावरही वाजते. शिवाय शेतात नांगराचे तुटलेले फाळ, खिळे, बैलाच्या पायाचे नाल, डबे असतातच. विकणारा शेतात येऊन मशीन वाजवून दाखवतो आणि म्हणतो, “बघा, माल आहे!” मशीन वाजली हे खरं असतं. पण माल आहे हे त्यावरून ठरत नाही.

खोलीचंही तसंच. एखादं नाणं चांगल्या मशीनलाही वीतभर, फार तर फूटभर खोलीपर्यंत कळतं. त्यामुळे ‘वीस फूट खालचं सोनं दाखवते’ किंवा ‘दोन किलोमीटरवरून दिशा सांगते’ असं कोणी म्हणालं तर तिथूनच सलाम करून निघा. अशा खोट्या यंत्राचं एक भयंकर उदाहरण इराकमधलं आहे. ‘एडीई ६५१’ नावाचं बॉम्बशोधक म्हणून विकलेलं यंत्र बगदादच्या नाक्यांवर वापरलं गेलं. दांड्यावर फिरणारी एक अँटेना, आत कामाचं काहीच नाही. ते विकणारा ब्रिटिश व्यापारी जेम्स मॅकॉर्मिक याला २०१३ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. सोनं दुरून दाखवणाऱ्या अँटेनाच्या काड्या त्याच जातीच्या आहेत.

आणि जुना दफिना सापडला तर?

आपला जिल्हा इतिहासाचा आहे, यात शंका नाही. वऱ्हाडावर इमादशाही, निजामशाही, मुघल, निजाम असे अनेक राज्यकर्ते होऊन गेले. रोहिणखेडची मशीद, सिंदखेड राजाचा राजवाडा, साखरखेर्ड्याजवळची १७२४ ची लढाई ही त्याचीच खूण. घराचा पाया खोदताना, विहीर पाडताना जुनं नाणं मिळू शकतं. मग काय करायचं?

१८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली, तर काय, किती, कुठे, कधी मिळालं हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. मग जाहीर नोटीस निघते, दावेदारांना मुदत मिळते. कोणाचा हक्क सिद्ध झाला नाही आणि जमीनमालकाशी वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याला आणि उरलेला जमीनमालकाला, असं हा कायदा सांगतो. सरकारला वस्तू हवी असेल तर मोबदला देऊन घेता येते. पण लपवलं तर वाटाही जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे कळवणाऱ्याला कायद्यात जागा आहे, लपवणाऱ्याला नाही.

शंभर वर्षांहून जुनी नाणी, मूर्ती यांना १९७२ चा पुरावशेष कायदाही लागतो. संरक्षित वास्तूच्या हद्दीत मशीन घेऊन खोदणं तर सरळ गुन्हा आहे. आणि समजा खरंच खनिज सोनं निघालं, तरी जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ प्रमाणे खनिजावर हक्क सरकारचा असतो. परवान्याशिवाय ते काढता येत नाही.

चोरून खोदण्याचं आणखी एक नुकसान आहे. सिंदखेड राजात २०२४ मध्ये लखुजी जाधवांच्या समाधीजवळ पुरातत्त्व विभागाचं काम चालू असताना जुन्या मंदिराचे अवशेष आणि शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती मिळाली. थराथराने खोदलं म्हणून त्या जागेचा इतिहास कळला. रात्री कुदळ मारणाऱ्याच्या हाती असा इतिहास कधीच लागत नाही. गावातली जुनी मशीद असो, दर्गा असो की मंदिर, तिथली फरशी उखडली की सर्वांचाच वारसा जातो.

शरीयत काय सांगते?

हा प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. फिक्हच्या किताबांत पुरलेल्या खजिन्याला ‘रिकाज’ म्हणतात आणि त्यात पाचवा हिस्सा, म्हणजे ‘खुम्स’, देणं वाजिब आहे. पण प्रत्येक पुरलेली वस्तू रिकाज नसते. हनफी उलेमांनी फरक केला आहे. नाण्यावर इस्लामी काळाची खूण, जसं की कलमा, असेल तर तो माल ‘लुक्ता’ म्हणजे कोणाचा तरी हरवलेला माल मानला जातो. त्याचा ऐलान करायचा, मालक शोधायचा. मौल्यवान वस्तूसाठी साधारण वर्षभराची मुदत सांगितली आहे. जमीन दुसऱ्याची असेल तर आणखी बारकावे येतात, ते आपल्या मुफ्ती साहेबांना विचारावेत. मुद्दा एवढाच की ‘सापडलं म्हणजे माझं’ असं दीनही म्हणत नाही. दुसऱ्याचा हक्क दडवून आणलेल्या मालात बरकत कुठली?

गिन्न्यांचा फोन

मशीनपेक्षा मोठा धोका हा आहे, आणि दुर्दैवाने आपल्या जिल्ह्याचं, विशेषतः खामगाव परिसराचं नाव यात वारंवार आलं आहे. पद्धत ठरलेली असते. “शेत नांगरताना सोन्याच्या गिन्न्यांचा हंडा मिळाला, आम्ही गरीब माणसं, विकता येत नाही, निम्म्या भावात घ्या.” आधी एक-दोन गिन्न्या देतात, त्या अस्सल असतात. सराफ तपासून हो म्हणतो. मग मोठी रोकड घेऊन आडरानात बोलावतात. तिथे पितळेच्या गिन्न्या हाती पडतात, किंवा मारहाण करून पैसे हिसकावले जातात. बाहेरच्या जिल्ह्यातले, परराज्यातले लोक यात लुबाडले गेले आहेत. यात मध्यस्थ म्हणून फोन लावून देणारा तरुणही गुन्ह्यात अडकतो, हे घरोघरी सांगायला हवं.

एक साधी गोष्ट लक्षात ठेवा. सोनं पितळेपेक्षा दुपटीहून जास्त जड असतं. दहा ग्रॅम शुद्ध सोनं पाण्यात बुडवलं तर जेमतेम अर्धा मिलिलिटर पाणी वर चढतं. पितळ असेल तर सव्वा मिलिलिटरच्या आसपास. पण खरी परीक्षा याआधीची आहे. ज्याच्याकडे अस्सल सोनं आहे, तो ते निम्म्या किमतीत अनोळखी माणसाला का विकेल?

गुप्तधनवाले बाबा

काही ठिकाणी मशीनच्या जोडीला पायाळू माणूस, मांडूळ साप, कासव, अमावस्येची पूजा असा सगळा बाजार भरतो. कोणी ‘अमलियात’चं नाव घेऊन तेच करतो. नाव कोणतंही असो, २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठी केलेले अघोरी प्रकार गुन्हा आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. मांडूळ पकडणं-विकणं हा वन्यजीव कायद्याचा वेगळा गुन्हा.

मग करायचं काय?

मशीनसाठी कर्ज काढू नका, दागिना मोडू नका. कोणी शेतात ‘सर्व्हे’ करून देतो म्हणाला तर आगाऊ पैसे देऊ नका. काही सापडलं तर फोटो काढा, जागा हलवू नका, तलाठी आणि तहसीलदारांना कळवा आणि अर्जाची पोच घ्या. संशयास्पद फोन आला तर ११२ वर, ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर तक्रार करा. लाज वाटून गप्प बसू नका, कारण तुम्ही गप्प राहिलात की पुढचा माणूस फसतो.

आपल्याकडे मातीतून सोनं काढणारे लोक आहेतच. सराफ बाजारातला केर आणि गटारीचा गाळ विकत घेऊन, तो धुऊन-गाळून त्यातले सोन्या-चांदीचे कण वेगळे करणारे झारेकरी, ज्यांना उर्दूत न्यारिये म्हणतात. यात आपल्या समाजातली कुटुंबंही आहेत. ते मशीन वाजवत फिरत नाहीत. सोनं कुठून पडतं हे त्यांना माहीत असतं, म्हणून ते तिथेच शोधतात, आणि रोजची हलाल कमाई घेऊन घरी जातात.