फ्रँक्लिन तंत्रसंस्था, बॉस्टन
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मॅसॅचूसेट्स राज्याच्या बॉस्टन शहरातील एक लहान खाजगी महाविद्यालय. प्रारंभ १९०८. मूळ नाव ‘फ्रँक्लिन युनियन’. ते पुढे अनेकदा बदलले. २०२२ मध्ये कमिंग्ज प्रतिष्ठानाच्या १.२५ कोटी डॉलरांच्या देणगीनंतर ‘बेंजामिन फ्रँक्लिन कमिंग्ज तंत्रज्ञान संस्था’ हे नाव देण्यात आले. संस्थेचा उद्देश नफा मिळविणे हा नाही. तिचे बहुतेक अभ्यासक्रम दोन वर्षांचे वा त्याहून कमी मुदतीचे असून ते विशिष्ट व्यवसायाची तयारी करून देतात. मोजक्या विषयांत चार वर्षांची पदवीही मिळते.

अमेरिकेतील द्विवर्षीय महाविद्यालयास पूर्वी सर्रास ‘कनिष्ठ महाविद्यालय’ म्हणत. महाराष्ट्रात १९७५ पासून ही संज्ञा अकरावी-बारावीच्या वर्गांना लावली जाते. अमेरिकेत मात्र तिचा अर्थ बारावीनंतरची पहिली दोन वर्षे असा होतो. ती पूर्ण केल्यावर ‘असोशिएट’ ही पदवी मिळते. अशी महाविद्यालये आज बहुतांशी सार्वजनिक असून खाजगी व तीही नफा न कमावणारी थोडीच उरली आहेत.

या संस्थेचे मूळ एका मृत्युपत्रात आहे. बेंजामिन फ्रँक्लिनने (१७०६–९०) १७८९ मध्ये आपल्या मृत्युपत्रास पुरवणी जोडून बॉस्टन व फिलाडेल्फिया या शहरांना प्रत्येकी १,००० पौंड ठेवले. पंचविशीच्या आतील, विवाहित व शहरातच उमेदवारी पूर्ण केलेल्या कारागिरांना या रकमेतून ५ टक्के व्याजाने कर्ज द्यावे, त्यांनी दोन प्रतिष्ठित नागरिकांचा जामीन द्यावा आणि मुद्दलाचा दहावा हिस्सा दरवर्षी फेडावा, अशी योजना होती. चक्रवाढीने शंभर वर्षांत १,३१,००० पौंड होतील. त्यांतील १,००,००० लोकोपयोगी कामांवर खर्चून उरलेली रक्कम आणखी शंभर वर्षे वाढू द्यावी, असा त्याचा हिशेब होता. गणित बिनचूक होते. गंमत अशी, की बाराव्या वर्षी थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवार म्हणून लागलेला फ्रँक्लिन १७२३ मध्ये करार अर्धवट टाकून फिलाडेल्फियास पळून गेला होता. म्हणजे स्वतःच्या योजनेच्या अटीत तो स्वतः बसला नसता.

योजना फसली ती व्याजाच्या हिशेबात नव्हे, तर समाजविषयक अंदाजात. एकोणिसाव्या शतकात कारखाने वाढले. उस्तादाच्या हाताखाली काही वर्षे काढून स्वतःचे दुकान थाटणारा तरुण कारागीर दुर्मिळ होत गेला व त्याच्याबरोबर कर्ज मागणाराही. निधीचा मोठा भाग सुरक्षित गुंतवणुकीतच वाढत राहिला. शंभर वर्षांनंतर बॉस्टनच्या वाट्याला सुमारे ३,९१,००० डॉलर जमले होते. ही रक्कम अपेक्षेहून कमी असली, तरी क्षुल्लक नव्हती. तिच्या विनियोगावर बराच वाद झाला. उमेदवारीची परंपरा लोपल्याने जे शिक्षण बंद पडले तेच शाळेच्या रूपाने द्यावे, हा विचार अखेर मान्य झाला. अँड्र्यू कार्नेगी याने निधीइतकीच रक्कम, सु. ४ लाख डॉलर, देऊ केली व जागा शहराने दिली. दिवसा काम करणाऱ्यांसाठी संध्याकाळचे वर्ग हे संस्थेचे आरंभीचे मुख्य कार्य होते. मृत्युपत्रातील दुसरी शंभर वर्षे १९९० च्या सुमारास संपली. बॉस्टनच्या निधीची ही अखेरची शिल्लकही कालांतराने याच संस्थेच्या कार्यासाठी लावण्यात आली.

संस्थेत मोटारदुरुस्ती, वीजजोडणी, प्रशीतन व वातानुकूलन, बांधकाम-व्यवस्थापन, रुग्णालयीन उपकरणांची देखभाल, संगणक व चष्मातंत्र यांसारखे विषय शिकवितात. चष्मातंत्रात भिंगे तपासणे, चौकटीत बसविणे आणि चष्मा चेहऱ्यास जुळवून देणे हे भाग येतात. द्विनाभीय चष्म्याचे श्रेय ज्याला दिले जाते त्याच्या नावाच्या संस्थेत हा विषय असावा, हे साजेसेच आहे.

शिक्षण व व्यवसाय यांच्यामध्ये राज्याचा परवाना उभा असतो. मॅसॅचूसेट्समध्ये चष्मे देण्याच्या व्यवसायास परवाना लागतो. वीजतंत्र्याच्या परवान्यासाठी परीक्षेखेरीज ६०० तास वर्गशिक्षण व परवानाधारकाच्या देखरेखीखाली ८,००० तास, म्हणजे किमान चार वर्षे, प्रत्यक्ष काम आवश्यक असते. महाविद्यालय वर्गशिक्षणाची गरज भागवू शकते, पण देखरेखीखालच्या कामाची जागा घेऊ शकत नाही. हाती पदवी आली, की कारागीर तयार झाला, असे येथे होत नाही; जी उमेदवारी संपली म्हणून शाळा निघाली, तिचाच एक अंश परवान्याच्या अटींत टिकून आहे. त्यामुळे स्थानिक कंत्राटदार, मोटारविक्रेते व रुग्णालये यांच्याशी असलेला संबंध हा अशा महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमाचाच एक भाग ठरतो.

लहान आकाराचे फायदे उघड आहेत: कार्यशाळेत शिक्षकाचे लक्ष प्रत्येकाकडे राहते आणि मोजकेच विषय असल्याने नवा व्यवसाय, उदा., विद्युत् मोटारींची दुरुस्ती, अभ्यासक्रमात लवकर आणता येतो. दुबळी बाजू पैशाची होय. उत्पन्नाचा मोठा भाग विद्यार्थ्यांच्या शुल्कातून येतो. पुष्कळ विद्यार्थी गरीब कुटुंबांतील असल्याने ते शुल्क संघराज्याच्या ‘पेल’ अनुदानावर व कर्जावर अवलंबून असते. याच पैशावर नफ्यासाठी चालणाऱ्या व्यवसायशाळाही मोठ्या झाल्या. त्यांपैकी ‘कॉरिंथियन’ ही साखळी २०१५ मध्ये व ‘आय्‌टीटी’ ही २०१६ मध्ये बंद पडली, तेव्हा हजारो विद्यार्थ्यांच्या माथी कर्ज व अर्धवट शिक्षण राहिले. त्यामुळे पदवीनंतर मिळणारे वेतन कर्जाच्या मानाने पुरेसे आहे काय, ही कसोटी या क्षेत्रातील सर्वच संस्थांना लावली जाऊ लागली.

मॅसॅचूसेट्स राज्याने २०२३ मध्ये पंचवीस वर्षांवरील व २०२४ मध्ये सर्व वयांच्या पदवी नसलेल्या रहिवाशांना सार्वजनिक सामुदायिक महाविद्यालयांचे शुल्क माफ केले. काही व्यवसायविषय तेथेही शिकवितात. फुकट शिक्षणाशेजारी शुल्क घेणाऱ्या लहान संस्थेला आपले विद्यार्थी परवान्यापर्यंत व नोकरीपर्यंत अधिक खात्रीने पोहोचतात हे दरवर्षी दाखवावे लागते. बर्कली मार्गावरील जुनी वास्तू सोडून रॉक्सबरी भागातील नूबियन चौकानजीक नवी वास्तू बांधण्याचा निर्णय संस्थेने घेतला, तो याच काळात.