मनगटापासून मागच्या चाकापर्यंत

बजाजच्या पल्सर २२० चा प्रवास उलट्या दिशेने झाला. २००७ साली ती आली फ्युएल इंजेक्शन घेऊन, आणि दोनच वर्षांनी, २००९ मध्ये, कंपनीने इंजेक्शन काढून तिच्यावर कार्ब्युरेटर चढवला. किंमत उतरली आणि इंजिनची ताकद कमी होण्याऐवजी किंचित वाढली. ही कार्ब्युरेटरवाली २२० आजही पुण्याच्या आसपासच्या घाटांत रविवारी सकाळी हमखास भेटते, आणि तिच्याबरोबर तिच्या मालकांची एक जुनी तक्रारही भेटते: गाडी झटके मारते.

ताम्हिणीत दुसऱ्या गिअरमध्ये वळणात शिरताना रेस पूर्ण सोडलेली असते. वळणाच्या मध्यावर मनगट हळूच फिरवलं की क्षणभर काहीच होत नाही आणि मग गाडी मागून कोणी ढकलल्यासारखी उडी घेते. सरळ रस्त्यावर हे जाणवतही नाही. गाडी कललेली आणि डांबर ओलं असताना मात्र पोटात गोळा येतो. गॅरेजमध्ये यावर एकच उत्तर तयार असतं, ‘कार्ब्युरेटर खोलावा लागेल.’ माझ्या मते या प्रकरणात सगळ्यात कमी दोषी असतो तो कार्ब्युरेटरच.

कारण हा कार्ब्युरेटर झटका मुरवण्यासाठीच जन्मला आहे. आरएक्स १०० सारख्या जुन्या गाडीत केबल थेट हवेची वाट उघडणाऱ्या स्लाइडला बांधलेली असते. तुम्ही जेवढी ओढाल तेवढी ती उठते, इंजिनला झेपो न झेपो. पल्सर २२० किंवा करिझ्मावरच्या सीव्ही कार्ब्युरेटरमध्ये केबल फक्त एक गोल झडप फिरवते. स्लाइड तिच्यामागे स्वतंत्र उभी असते, डोक्यावर रबराचा पातळ डायफ्रॅम घेऊन. इंजिन हवा ओढू लागलं की स्लाइडच्या तळातल्या बारीक भोकातून वरच्या कप्प्यात निर्वात दाब पोचतो आणि स्लाइड उचलली जाते. म्हणजे हात मागतो आणि इंजिन पेलवेल तेवढंच घेतं. ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी. इंग्लंडमधल्या स्किनर बंधूंच्या एसयू कार्ब्युरेटरने ती रुजवली. त्यांच्या घरचा धंदा बुटांचा, आणि त्यांच्या पहिल्या कार्ब्युरेटरमध्ये डायफ्रॅमच्या जागी चामड्याचा भाता होता.

मग झटका येतो कुठून? थोडा भाग खरोखर कार्ब्युरेटरचा. रेस सोडलेली असताना स्लाइड खाली बसलेली असते आणि पेट्रोल येतं ते फक्त पायलट जेटमधून. झडप जराशी उघडली की तिच्या कडेपाशी असलेली दोन-तीन सुईएवढी भोकं पेट्रोल देऊ लागतात, त्यानंतर कुठे स्लाइडला लटकलेल्या निडलची पाळी. धुराच्या नियमांपायी ही सुरुवातीची मात्रा कारखान्यातूनच कमी ठेवलेली असते. पायलट जेटमध्ये कचरा असेल किंवा मॅनिफोल्डच्या रबराला चीर पडून बाहेरची हवा शिरत असेल, तर ती आणखी पातळ होते. अशा वेळी इंजिन आधी मरगळतं, मग एकदम जागं होतं. इलाज ही सुरुवातीची मात्रा ठरवणाऱ्या व्हीसी स्क्रूपाशी आहे, पण आरएक्सवर हात बसलेले मेस्त्री इथे फसतात. आरएक्सचा एअर स्क्रू आत फिरवला की मिश्रण जाड होतं. व्हीसी स्क्रू जाड करायला बाहेर फिरवावा लागतो. पाव-पाव फेऱ्याने आणि इंजिन गरम असताना. पिकअप वाढेल म्हणून स्लाइडची स्प्रिंग कापणारे आणि तळाचं भोक ड्रिलने मोठं करणारे महाभाग आहेतच. स्लाइड त्यामुळे पटकन उठते, म्हणजे झटका विकत घेतल्यासारखंच झालं.

उरलेली गोष्ट ढिलाईची. इंजिन बंद करून गाडी मधल्या स्टँडवर घ्या, गिअरमध्ये टाका आणि मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवून पाहा. इंजिनने अडवेपर्यंत चाक जेवढं मोकळं फिरतं, तेवढं अंतर रस्त्यावर प्रत्येक वेळी आधी भरून निघतं आणि त्यानंतरच ओढ लागते. त्यात चेनचा झोळ आहे, झिजलेली स्प्रॉकेटं आहेत आणि मागच्या हबमधली रबरंही आहेत. इंजिनचे धक्के गिळणं हेच या रबरांचं काम. ती कडक किंवा चपटी झाली की स्प्रॉकेट हाताने हलवलं तरी खुळखुळतं. कित्येक जण नवी चेनसेट टाकतात आणि रबरं जुनीच ठेवतात. रबरं चेनसेटच्या मानाने अगदी स्वस्त, म्हणूनच बहुधा कोणी सुचवत नाही. त्यात मुठीपाशी थ्रॉटलची केबल चार-पाच मिलिमीटर ढिली असली की मनगटाला आपण कुठे आहोत हेच कळत नाही. ही ढिलाई दोन-तीन मिलिमीटर पुरे, पण हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आयडल वाढत नाही ना हे पाहायलाच हवं.

आणखी एक घरगुती कारण म्हणजे ॲव्हरेजची हाव. चौदाशे आरपीएमच्या आसपास असायला हवं ते आयडल पेट्रोल वाचवायला हजारावर आणलं जातं. मग रेस सोडली की इंजिन जास्त जोराने रोखतं, चेन मागे ताणली जाते, आणि पुन्हा उघडताना तिला जास्त अंतर परतावं लागतं. इथे कुठलाही सुटा भाग लागत नाही, नुसता आयडलचा स्क्रू फिरवायचा असतो.

बीएस-६ नंतर, म्हणजे एप्रिल २०२० पासून, आपल्या स्पोर्ट बाइकवरून कार्ब्युरेटर गेला. इंजेक्शनने झटका संपला असं मानणाऱ्यांनी सुझुकीकडे पाहावं. सुरुवातीच्या इंजेक्शनवाल्या अनेक गाड्या रेस सोडताच पेट्रोल पूर्ण तोडत आणि उघडताच एकदम देत, त्यामुळे झटका उलट तीव्र झाला. २००० सालच्या जीएसएक्स-आर ७५० वर सुझुकीने हाताच्या झडपेबरोबर संगणकाने चालणारी दुसरी झडप बसवली. हाताने कितीही घाई केली तरी ती आपल्या हिशोबाने उघडते. डायफ्रॅम आणि स्लाइड जे काम वीज न वापरता करत होते, तेच तिथे मोटर करते. मागची चेन मात्र त्याही गाडीला वेळोवेळी ताणावी लागते.