साखळी सोडायची की बोलायचं?

मुक्या प्राण्याचे हाल दिसतात, पण तो प्राणी दुसऱ्याचा असतो. अशा वेळी काय करायचं?

पेडण्यातल्या केरी गावात सुट्टीला गेलो असताना माझी चौदा वर्षांची भाची याच पेचात सापडली. शेजारच्या अंगणात एक कुत्रा दिवसभर आखूड साखळीला बांधलेला, पाण्याचं भांडं कोरडं. "मामा, रात्री गुपचूप सोडून देऊया?"

पण मोकळा सुटला तर तेरेखोलच्या फेरीबोटीकडे जाणाऱ्या गाड्यांखाली यायचा. गप्प बसणंही तिला पटेना. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमानुसार नेहमी बांधलेल्या कुत्र्याला न फिरवणं, त्याला पुरेसं अन्नपाणी न देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र १० ते ५० रुपये! तेवढ्याने कुत्र्याची साखळी सुटणार होती का?

शेवटी ती दिवसाउजेडी शेजारी गेली. "काकू, मी त्याला रोज फिरवून आणू?" काकूंचे गुडघे दुखायचे, मुलगा परगावी. त्या लगेच हो म्हणाल्या. परतताना तिने हे काम वाड्यावरच्या एका मुलाकडे सोपवलं.

मुलांनो, तक्रारीचा हक्क तुम्हाला आहेच, बोलून उपयोग झाला नाही तर तो जरूर वापरा. पण आधी दार वाजवा. कधी कधी मदत त्या प्राण्याइतकीच त्याच्या मालकालाही हवी असते.