कापडवाल्याचं भिंग

या पोरांनो, बसा इथं. पावसाळा लागला, धानाची रोवणी सुरू झाली की आपल्या धानोरा तालुक्यात हिवतापही डोकं वर काढतो. आशाताई येते, बोटाला सुई टोचते, काचेवर रक्ताचा थेंब पसरवते आणि ती स्लाइड आरोग्य केंद्रात जाते. तिथं त्या थेंबात काय शोधतात, ते सांगतो.

गोष्ट हॉलंडच्या डेल्फ्ट गावची. लेव्हेनहूक नावाचा कापडवाला होता. सूत दाट आहे की विरळ, हे व्यापारी तेव्हा भिंगानं बघत. याला भिंगाचाच नाद लागला. स्वतः घासून मोहरीएवढी भिंगं करायचा. पितळेच्या दोन पत्र्यांत भिंग बसवायचं, मागं सुईच्या टोकावर वस्तू ठेवायची, पेच फिरवत ती नेमकी समोर आणायची आणि पत्रा थेट डोळ्याला भिडवायचा. त्याचं एक भिंग २७० पट मोठं दाखवतं! १६७४ मध्ये त्यानं तळ्याच्या पाण्यात वळवळणारे जीव पाहिले, रक्तातल्या तांबड्या पेशीही पाहिल्या. त्यानं हे लंडनच्या रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेला कळवलं, पण तिथं ते खरं वाटेना. १६७७ मध्ये तिथल्या रॉबर्ट हुकनं स्वतः बघितलं, तेव्हा पटलं. मला याचं फार अप्रूप वाटतं. कुणाचा रोग बरा करायचा म्हणून त्यानं ते पाणी पाहिलं नव्हतं, निव्वळ बघावंसं वाटलं म्हणून पाहिलं.

त्याच शतकात पेरू देशाकडची सिंकोना झाडाची साल युरोपात पोचली. कडूजहर, पण हिवतापावर लागू पडायची. औषध सापडलं, रोगाचं कारण मात्र कुणाला माहीत नव्हतं. दलदलीच्या वाईट हवेनं ताप येतो, असंच लोक समजायचे.

पुढं दोनशे वर्षं गेली. १८८० मध्ये अल्जीरियात लाव्हरान या फ्रेंच लष्करी डॉक्टरला आजारी शिपायाच्या रक्तात हलणारे बारीक धागे दिसले. तोच हिवतापाचा जंतू. तो अंगात शिरतो कसा? त्याचा माग २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत लागला. आपल्या सिरोंच्याहून नदी ओलांडली की तेलंगणा, त्यातलंच ते शहर. तिथं रोनाल्ड रॉस या डॉक्टरला डासाच्या जठराच्या भिंतीत जंतूची वाढ दिसली.

आता आपल्या स्लाइडकडे येऊ. नुसत्या थेंबात जंतू चटकन ओळखू येत नाही. १९४४ मध्ये जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी यांनी पाण्यात विरघळणारा रंग काढला. त्या जेएसबी रंगात जंतूचं अंग निळं होतं, केंद्रक लाल. मग स्लाइडवर तेलाचा थेंब टाकून हजार पट मोठं करून बघायचं. जंतूच्या फाल्सिपारम या जातीची अर्धचंद्राकृती रूपं दिसली तर औषध वेगळं, व्हायवॅक्स जातीचा निघाला तर वेगळं. व्हायवॅक्स यकृतात दडून बसतो आणि महिन्यांनी पुन्हा उठतो, म्हणून त्याच्या गोळ्या १४ दिवस घ्यायच्या. ताप उतरला म्हणून कुणी मधेच सोडायच्या नाहीत. यकृतात लपलेला तो जंतू मात्र रक्ताच्या स्लाइडवर आजही दिसत नाही.