वाजलं किती आणि मागितलं किती

लेखमाला : आपल्या नोंदी, आपल्या हाती — लेखांक ७

मागच्या लेखांकात फोनच्या पडद्यासमोर जाणाऱ्या वेळेचा हिशेब झाला. या आठवड्यात गाण्यांचा. डिसेंबर उजाडला की व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर रंगीत पाट्या झळकू लागतात : वर्षभरात इतकी मिनिटं, हे पहिले पाच कलाकार, हे सर्वांत लाडकं गाणं. स्पॉटिफायने ही प्रथा ‘रॅप्ड’ या नावाने २०१६ मध्ये सुरू केली. भारतात ही सेवा फेब्रुवारी २०१९ मध्ये आली आणि त्यानंतर सोलापूरसारख्या शहरातली कॉलेजची मुलंही या पाट्यांची वाट पाहू लागली. ॲपल म्युझिकचा ‘रिप्ले’ आहे, यूट्यूब म्युझिकचा ‘रीकॅप’ आहे. या पाट्यांना नावं ठेवायचा माझा हेतू नाही, आपण काय ऐकतो हे जाणून घ्यावंसं वाटणं चांगलंच. पण त्यांवरचा मुख्य आकडा चुकीच्या प्रश्नाचं उत्तर देतो, असं माझं म्हणणं आहे. वर्षभरात किती वाजलं, हे तो सांगतो. त्यातलं किती आपण स्वतः मागून घेतलं आणि किती ॲपने पुढे ढकललं म्हणून कानांवरून गेलं, हे तो सांगत नाही. सवय समजून घ्यायची तर दुसरा प्रश्न महत्त्वाचा. आणि त्याचं उत्तर देणारी नोंद कंपनीकडे असते, आपण मागितली तर मिळतेही.

हा फरक आपल्याकडच्या जुन्या श्रोत्यांना समजावून सांगावा लागणार नाही. आकाशवाणीच्या ‘आपली आवड’ला पोस्टकार्ड टाकणारा माणूस गाण्याचं नाव लिहायचा, चित्रपटाचं नाव लिहायचा, घरातल्या सगळ्यांची नावं लिहायचा आणि मग वाट पाहायचा. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर सुरू झालेल्या ‘बिनाका गीतमाला’त अमीन सायानी गाण्यांच्या पायदानांची घोषणा करत. ती पायदानं रेकॉर्डची विक्री आणि श्रोत्यांची पसंती यांवर ठरत. रेकॉर्ड विकत घ्यायला पैसे मोजावे लागत, पत्र टाकायला निदान हात हलवावा लागे. प्रत्येक मोजणीमागे कुणाची तरी मागणी होती. श्रोतासंघ गठ्ठ्याने पत्रं पाठवून गाणी वर चढवत, असा आक्षेप कुणी घेईल आणि तो खराही आहे. पण पत्रांचा गठ्ठा पाठवणाऱ्यालाही ते गाणं हवं असायचं. आज एक गाणं संपलं की दुसरं आपोआप सुरू होतं. फोन खिशात, माणूस विजापूर रस्त्यावर गाडी चालवतोय किंवा स्वयंपाकघरात भाकरी थापतोय, आणि मोजणी चालूच. मागणी आणि मोजणी यांची पूर्वीची गाठ इथे सुटली आहे.

मोजणीचे नियम एकदा पाहिले की हे आणखी स्पष्ट होतं. स्पॉटिफायच्या लेखी गाणं ३० सेकंद वाजलं की एक ‘स्ट्रीम’ झाला. हा नियम ऐकणाऱ्यासाठी केलेला नाही, कलाकार आणि कंपन्यांना पैसे वाटण्यासाठी केलेला आहे. २०२४ पासून तर मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम झाल्याशिवाय गाण्याला मानधनाच्या वाटपात धरतच नाहीत. लास्ट एफएम ही २००२ मध्ये इंग्लंडात सुरू झालेली सेवा. कोणत्याही ॲपवर ऐकलेल्या गाण्याची नोंद ती आपल्या खात्यावर टिपून ठेवते आणि तिथे या नोंदीला ‘स्क्रॉबल’ म्हणतात. तिचा नियम निराळा : गाणं निम्मं वाजावं किंवा चार मिनिटं वाजावं, यातलं जे आधी होईल ते. आता पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे तिथलं उदाहरण घेऊ. एखाद्या घरात रोज संध्याकाळी ४० मिनिटांचा हरिपाठ लागतो आणि दिवसभरात चार-चार मिनिटांची तीन चित्रगीतं वाजतात. स्ट्रीमच्या हिशेबात हरिपाठाला एक मत, चित्रगीतांना तीन. मिनिटांच्या हिशेबात हरिपाठाची ४०, चित्रगीतांची १२. वर्षअखेरीला गाण्यांची यादी वाजण्याच्या संख्येवर लागली, तर त्या घराचं रोजचं ऐकणं चित्रगीतांच्या खाली दबून जातं. पाऊण तासाच्या ख्यालाचं आणि तासाभराच्या कीर्तनाचंही हेच होतं. मराठी कानाला लांब दमाचं ऐकायची जुनी सवय आहे आणि हे माप तीन-चार मिनिटांच्या गाण्यासाठी बेतलेलं आहे. म्हणून पहिली दुरुस्ती : संख्या बाजूला ठेवून मिनिटं बघावीत.

त्यासाठी कच्ची नोंद हातात यायला हवी. स्पॉटिफायच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात, खासगीपणाच्या पानावर, माहिती मागवायची सोय आहे. तिथे एक छोटी फाइल मिळते, साधारण एका वर्षाची. दुसरी विस्तारित, खातं उघडल्यापासूनची. तिला ३० दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो, पण मागवायची ती हीच. ई-मेलवर दुवा येतो आणि उघडल्यावर जेसन प्रकारच्या फाइली निघतात. त्यातली एक नोंद जवळून पाहू. पहिल्या रकान्यात तारीख आणि वेळ असते. ही वेळ गाणं थांबल्याची असते आणि ती भारतीय नसते, जागतिक प्रमाणवेळ असते, म्हणजे आपल्याहून साडेपाच तास मागे. २०२५ ची आषाढी एकादशी ६ जुलैला होती. त्या पहाटे कुणी लावलेला काकड्याचा अभंग आपल्या घड्याळात पाच वाजता संपला असेल, तर फाइलमध्ये तो ५ जुलैच्या रात्री साडेअकराला दिसेल. एकादशीची पहाट दशमीच्या रात्रीत जाऊन बसते. हे साडेपाच तास मिळवले नाहीत, तर पहाटे भजन ऐकणारा माणूस स्वतःच्याच फाइलमध्ये रात्री जागणारा ठरतो. पुढे गाणं किती मिलिसेकंद वाजलं याचा आकडा असतो, २,४०,००० म्हणजे चार मिनिटं. मग गाण्याचं नाव, अल्बम, कलाकार, कोणत्या यंत्रावर वाजलं, कोणत्या देशात वाजलं.

खरा ऐवज मात्र त्यानंतरच्या दोन रकान्यांत आहे : गाणं सुरू का झालं आणि थांबलं का. सुरू होण्याच्या कारणात ‘क्लिकरो’ असेल, तर यादीतल्या त्या गाण्यावर कुणीतरी बोट ठेवलं. ‘ट्रॅकडन’ असेल, तर आधीचं संपलं म्हणून हे लागलं. ‘फॉरवर्ड बटन’ असेल, तर आधीचं नको म्हणून पुढे ढकललं. ‘बॅक बटन’ असेल, तर बऱ्याचदा पुन्हा ऐकावंसं वाटलं म्हणून मागे नेलं. पोस्टकार्डाची जागा आज या रकान्याने घेतली आहे, असं मी म्हणेन. बोट ठेवून लावलेली आणि शेवटपर्यंत ऐकलेली गाणी वेगळी काढली, तर जी यादी हाती येते ती डिसेंबरच्या पाटीशी जुळेलच असं नाही, आणि न जुळणं हीच तिची किंमत आहे. अर्थात ‘ट्रॅकडन’ म्हणजे सगळंच लादलेलं, असा निष्कर्ष काढणं घाईचं होईल. आपण एखादा अल्बम स्वतः निवडून पहिलं गाणं लावलं, तरी दुसऱ्या गाण्यापासून सगळीकडे ‘ट्रॅकडन’च लिहिलेलं असतं. त्यामुळे एकेक नोंद सुटी न बघता बैठक बघावी : कुठे बोट ठेवलं आणि त्यानंतर एकाच अल्बममधली गाणी क्रमाने गेली, की अनोळखी नावं येत राहिली? एवढा विवेक वाचणाऱ्याला करावाच लागतो.

सोलापूरच्या श्रोत्याला या फाइलमध्ये आणखी एक रकाना शोधूनही सापडणार नाही : भाषा. या शहरात पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडे कन्नड कानावर असते, बाजारात मराठी आणि दखनी, आणि हिंदी चित्रगीतं सर्वांची. एकाच माणसाचं ऐकणं दिवसातून तीन भाषा बदलतं. तरी त्याच्या नोंदीत देश लिहिलेला असतो, भाषा नसते. आपण मराठी किती ऐकतो आणि तेलुगू किती, हे पाहायचं असेल तर तो रकाना हाताने भरावा लागतो. पहिली १०० गाणी भरली तरी चित्र दिसू लागतं. कलाकाराच्या रकान्यातही अशीच गोम आहे. तिथे अल्बमचा कलाकार लिहिलेला असतो आणि चित्रपटसंगीतात ते नाव बऱ्याचदा संगीतकाराचं असतं. करमाळा तालुक्यात चित्रित झालेल्या ‘सैराट’मधलं श्रेया घोषाल यांनी गायलेलं गाणं अजय-अतुल यांच्या नावावर जमा झालं, तर आपण गायिकेच्या आवाजासाठी परत परत तिथे जात होतो हे नोंदीला कळत नाही. गीतकाराला तर जागाच नाही. ज्या भाषेत गाण्याचे शब्द मनात धरून ठेवतात, त्या भाषेतल्या श्रोत्याला ही उणीव बोचली पाहिजे.

यूट्यूबची गोष्ट याहून अवघड आहे, आणि अनेक घरांत गाणी लागतात ती तिथेच. गूगलच्या ‘टेकआउट’मधून पाहिल्याची नोंद मागवता येते. एचटीएमएलऐवजी जेसन निवडलं की ती हिशेबाला सोपी जाते. पण त्या नोंदीत व्हिडिओचं नाव, वाहिनी आणि वेळ एवढंच असतं. किती वेळ पाहिलं, हे नसतं. दहा सेकंदांत बंद केलेला व्हिडिओ आणि पूर्ण ऐकलेलं भारूड, दोघांची ओळ सारखीच. शिवाय जुनी नोंद आपोआप पुसण्याची मुदत खात्यावर लावलेली असेल, तर त्यामागचं सगळं गेलेलं असतं. म्हणून यूट्यूब, जिओसावन, गाना असं मिळून ऐकणाऱ्याने स्वतंत्र टिपणी चालू करावी हे बरं. अँड्रॉइड फोनवर पॅनो स्क्रॉबलर, संगणकाच्या ब्राउझरवर वेब स्क्रॉबलर. ही साधनं जे वाजतंय ते लास्ट एफएम किंवा लिसनब्रेन्झकडे पाठवतात. टिपणी जोडल्या दिवसापासूनची होते, मागचं आपोआप येत नाही, तेव्हा उशीर करण्यात लाभ नाही.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की घरात फोन एक आणि ऐकणारे चार. आजोबांचे अभंग, आईची जुनी गाणी, मुलांची बालगीतं, सगळं एकाच खात्यात. विजेचं मीटर घराचं असतं, माणसाचं नसतं, तसंच हे. फॅमिली योजनेत सहा जणांची वेगवेगळी खाती निघतात, पण ती पैसे भरणाऱ्यांसाठी. ज्यांना ते जमत नाही त्यांच्यासाठी उपाय साधा आहे : वेळ पाहून वाटणी करावी. कोण केव्हा ऐकतं हे घरातल्यांना ठाऊक असतं. पहाटेचं कुणाचं, दुपारचं कुणाचं, हे अंदाजाने वेगळं काढता येतं. काटेकोर होणार नाही, पण अंदाज आहे हे माहीत असलेला आकडा डोळे मिटून मानलेल्या आकड्यापेक्षा बरा. दुसरा आक्षेप मनाला अधिक भिडणारा आहे. गाणं हा आनंद, त्याची खतावणी कशाला? मोजायला लागलं की माणूस आकड्यासाठी ऐकू लागतो. हे खरोखर घडतं : आवडत्या कलाकाराचा क्रमांक वर राहावा म्हणून आवाज बंद करून रात्रभर गाणी फिरवणारे चाहते आहेत. पण मोजणी आपण सुरू केलेली नाही, ती अगोदरपासून चालू आहे, आणि तिच्या आधारे उद्या आपल्यापुढे काय ठेवायचं हे ठरतं. आपण नोंद वाचली नाही म्हणून ती थांबत नाही. रोज आकडे बघू नयेत, हे मात्र मला मान्य आहे. वर्षातून एक-दोनदा पुरे.

तिसरा आक्षेप खासगीपणाचा, आणि तो मी माझ्याच सल्ल्याविरुद्ध मांडतो. ऐकण्याच्या नोंदीतून माणूस केव्हा झोपतो, कोणत्या देवाची गाणी लावतो, कोणत्या भाषेत रमतो, कोणत्या महिन्यात घर सुनं होतं, हे सगळं वाचता येतं. स्पॉटिफायच्या विस्तारित फाइलमध्ये ‘प्रायव्हेट सेशन’मध्ये ऐकलेलंही येतं, वर ते खासगी होतं असा शेराही असतो. इंटरनेटचा आयपी पत्ताही त्यात असतो. त्यामुळे ‘फाइल टाका, तुमचा स्वभाव सांगतो’ म्हणणाऱ्या अनोळखी संकेतस्थळावर ती चढवू नये. लिसनब्रेन्झ ना-नफा संस्थेचं आहे, त्याचा कोड खुला आहे, पण तिथली नोंदही खुली असते, कुणीही पाहू शकतं. ज्यांना ते नको त्यांनी फक्त फाइल मागवावी, आपल्या संगणकावर ठेवावी आणि तिथेच उघडावी.

फाइल मागवण्याची घाई का, याची दोन कारणं. रेसो ही सेवा ३१ जानेवारी २०२४ ला भारतात बंद झाली. त्याच वर्षी एअरटेलने विंक म्युझिकही गुंडाळलं, जे २०१४ पासून चालू होतं. ज्याची दहा वर्षांची गाणी तिथे होती, त्याने नोंद आधी काढून घेतली नसेल तर ती सेवेबरोबर गेली. दुसरं कारण कायद्याचं. युरोपात २०१८ पासून आपली माहिती वापरता येईल अशा स्वरूपात घेऊन दुसरीकडे नेण्याचा हक्क आहे. आपल्याकडच्या २०१९ च्या विधेयकातही तो होता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तो उरला नाही. आपल्या माहितीचा गोषवारा मागण्याचा हक्क कलम ११ मध्ये आहे, पण गोषवारा म्हणजे एकेका गाण्याची नोंद नव्हे. म्हणजे आज आपल्याला जी सविस्तर फाइल मिळते, ती पुढेही देत राहावी असं बंधन भारतीय कायद्यात मला दिसत नाही. तेव्हा विस्तारित फाइलची मागणी या आठवड्यातच नोंदवून ठेवा. ती यायला वेळ लागेल. तोवर पुढच्या लेखांकात जेसन फाइल साध्या एक्सेलमध्ये कशी उघडायची, साडेपाच तास कसे मिळवायचे आणि भाषेचा रकाना कसा भरायचा, ते पाहू.